टापूवरची पाच मिनिटं

“कार्यक्रम धरणावरच घेऊ,” सर म्हणाले. “हॉलमध्ये पक्षी दिसतो का कुठं?”

सर म्हणजे आमच्या संस्थेचे संचालक. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रोडवर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे आणि मी तिथं संवाद अधिकारी आहे. हे पद सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे फोन घेता का? फोनही घेते. पण मुख्य काम वेगळं. आमचे अभ्यासक वर्षानुवर्षं नद्या, धरणं, गवताची रानं पायाखाली घालतात आणि कुठला पक्षी, कुठला मासा आपल्या भागात किती उरलाय, किती दिवस टिकेल, याचा अंदाज बांधतात. त्याला प्रादेशिक मूल्यमापन म्हणतात. ते जाडजूड असतं आणि इंग्रजीत असतं. ते कोणाला, कुठल्या भाषेत, किती पानांत आणि कधी सांगायचं हे ठरवणं माझं काम. त्याआधी बरीच वर्षं मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. दुसऱ्याचं लांबण कापण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वतःचं लांबण कापायला तिथं कोणी शिकवलं नाही.

‘प्रादेशिक’ म्हटलं की सगळे अडखळतात. पक्षी दुसऱ्या राज्यात आहे ना, मग इथं कमी झाला तर काय बिघडलं, हा प्रश्न हमखास येतो. त्यावर मी एक उत्तर तयार केलं होतं. तुमच्या आडनावाची माणसं देशात ढीगभर असतील. पण तुमच्या गावातलं त्या आडनावाचं शेवटचं घर बंद पडलं, तर गावापुरतं ते आडनाव संपलं. बाहेर किती आहेत याचा गावाला उपयोग नाही. हे सांगितलं की माणसं माना डोलवायची. मला त्या उत्तराचा जरा गर्वच होता.

जानेवारीत आम्ही ऑफिसच्या भिंतीवर तक्ता लावला. आमच्या धंद्यात याला ऑडियन्स मॅपिंग म्हणतात. साध्या भाषेत, कोण ऐकणार आहे ते आधी ठरवायचं. आमचे ऐकणारे चार होते. साहेब लोक, पत्रकार, शाळा आणि गाव. प्रत्येकासमोर लिहिलं होतं, काय सांगायचं, कसं सांगायचं, आणि काय सांगायचं नाही. साहेबांना दोन पानं, नकाशासकट. पत्रकारांना एका पानाची प्रेसनोट, पण जागेचं नाव नाही, कारण जागा छापली की दुसऱ्या रविवारी कॅमेरेवाले मोटारसायकली घेऊन हजर होतात. शाळांना पोस्टर. गावात बैठक, सगळ्यात शेवटी, सवडीनं. तो जागेचा नियम मी या लेखातही पाळते आहे. सेलूहून एसटीनं गेलं की एक धरण लागतं, एवढंच सांगते.

पक्षी नदी सुरय. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, शेपटी लांब आणि टोकाला दुभंगलेली. हा काड्यांचं घरटं बांधत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की नदीत, धरणात जे वाळूचे उंचवटे उघडे पडतात, त्यांच्यावर खळगा करून अंडी घालतो. आमच्या अभ्यासकांना अख्ख्या जिल्ह्यात अशी एकच जागा उरलेली सापडली होती. या धरणातला एक टापू. त्या टापूवर आणि भोवतालच्या काठावर गाळपेर व्हायची. गाळपेर म्हणजे धरणाची उघडी पडलेली जमीन उन्हाळ्यापुरती पिकाला देतात, ती. आमच्या भागात तिच्यात टरबूज लावतात. टरबूज लावायचं म्हणजे माणसं, बैल, इंजिन, पाइप. आम्हाला हवा होता एक आदेश. फेब्रुवारी ते जून या टापूवर कोणी जायचं नाही. त्या आदेशावर जिल्ह्यातल्या एका मोठ्या साहेबांची सही लागणार होती, आणि कागद वाचून ते सही करतील असं सरांना वाटत नव्हतं. त्यांनी पक्षी डोळ्यांनी पाहिला पाहिजे, असं सरांचं म्हणणं. म्हणून अहवालाचं प्रकाशन धरणावर, साहेबांच्या हस्ते. त्याच कार्यक्रमात तुळशीरामभाऊंचा सत्कार.

तुळशीरामभाऊ धरणातले मासे धरणारे. वय साठीच्या पुढं. आमच्या अभ्यासकांनी पीएचड्या केल्या असतील, पण सुरयच्या बाबतीत सगळा जुना डेटा या एका माणसाचा. त्यांची मोजायची रीत अशी, की दर उन्हाळ्याला जाळ्याच्या नायलॉनच्या दोरीचा एक तुकडा घ्यायचा आणि जितकी घरटी दिसतील तितक्या गाठी मारायच्या. असे तुकडे त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. पहिल्या दोऱ्या गाठींनी भरलेल्या. पुढं पुढं गाठी विरळ होत गेल्या. आमचा तो रंगीत ग्राफ, जो दिल्लीपर्यंत गेला, तो त्या डब्यातून निघाला.

आणि हा माणूस तोंडाचा फार फाटका. टापूच्या बाजूनं कोणी फिरकलं की काठावरून असा आवाज द्यायचा की ऐकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. टरबूजवाल्यांशी त्यांची दरवर्षी भांडणं. मलाही पहिल्या भेटीत त्यांनी चांगलंच झापलं होतं, मी काठावर चार पावलं पुढं गेले म्हणून. मला राग आला होता. नंतर कळलं, माझ्या पुढच्या पावलाखाली अंडी होती. वाळूत ती दिसतच नाहीत.

कार्यक्रमाचं सांगायला मी फेब्रुवारीत गेले. ते जाळं विणत बसले होते. भाऊंशी बोलताना माझी भाषा आपोआप घरची होते. मी सगळं सांगितलं. शाल-श्रीफळाचंही सांगितलं. शालीचं ऐकून ते लाजल्यासारखे हसले, मग पुन्हा जाळं विणायला लागले.

“ताई, तुमाले जे करायचं ते शाळेत करा. तिकडं मानसं नका आनू.”

“टापूवर कोनी नाई जानार भाऊ. काठावरूनच पाह्यतील. मधात एवढं पानी हाय.”

“पानी आता हाय. चैत सरला का काई राह्यत नाई. कुत्रे चालत जातात.”

मी म्हटलं, कार्यक्रम मार्चमध्येच आहे. ते बरं म्हणाले. मी वहीत लिहिलं, ‘मार्चअखेर, पाणी आहे तोवर’. वही अजून माझ्याकडे आहे. अक्षर माझंच आहे.

मार्चमध्ये साहेबांना वेळ नव्हता. एप्रिलची तारीख मिळाली, तीही एका बैठकीपायी गेली. शेवटी मेच्या मध्यातली तारीख आली. दर वेळी मी पत्रिका बदलली, मंडपवाल्याला फोन केला, पाण्याचे जार वाढवले, ताकाची ऑर्डर दिली. वहीतली ती ओळ मला आठवत नव्हती असं नाही. आठवली. मी सरांना म्हटलंही, तोवर पाणी उतरेल. सर म्हणाले, “कार्यक्रम काठावर आहे ना? टापूवर कोण जातंय?” मला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं, कारण तिसऱ्यांदा तारीख बदलायला सांगायची माझी हिंमत नव्हती.

मधल्या काळात एक झालं. मार्चअखेर घातलेली पहिली अंडी, पाणी लवकर उतरल्यानं, एप्रिलमध्ये कुत्र्यांनी नेली. सुरयची अंडी गेली की जोड्या पुन्हा घालतात, तशी त्यांनी एप्रिलच्या शेवटी घातली. भाऊंच्या दोरीवर सात गाठी. ही दुसरी खेप गेली तर त्या वर्षी तिसरी नाही. भाऊ तेव्हापासून काठावर खाट टाकूनच राहिले होते. काठी घेऊन कुत्री हाकायची, एवढंच काम. घरून डबा यायचा.

कार्यक्रम सकाळी आठचा होता. मेमध्ये वर्ध्यात आठलाच ऊन चावायला लागतं. साहेब साडेअकराला आले. त्यांचा दोष नाही, सकाळी कुठंतरी तातडीनं जावं लागलं होतं. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण साहेब वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. भाषणं आटोपती झाली. मग सत्कार. भाऊंनी धुतलेला सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. साहेबांनी त्यांच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवर म्हणाले की खरे वैज्ञानिक हे आहेत. टाळ्या वाजल्या. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मंडपात गावातली बरीच माणसं होती, टरबूजवालेसुद्धा. ज्यांच्याशी भांडणं, त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर साहेब म्हणाले, “मॅडम, जवळून बघायला मिळेल का?”

पाणी उतरलेलं होतं. काठ आणि टापू यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाची पट्टी, तिच्यावर बुटांना चिखलसुद्धा लागत नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं ते मीच. त्या मंडपात नियम माहीत असलेली आणि तो बोलून दाखवायचं धाडस जिच्यात असायला हवं होतं अशी बाई मीच होते. तक्त्यावर पत्रकारांसमोर ‘काय सांगायचं नाही’ हे मी लाल अक्षरात लिहिलं होतं. साहेबांसमोरचा तो रकाना रिकामा होता. साहेबांपासून काय लपवायचं, असं आम्हाला वाटलं होतं.

मी म्हटलं, “पाच मिनिटं. फक्त कडेकडेनं.”

आम्ही दहा-बारा जण गेलो. साहेब, सर, दोन फोटोग्राफर, साहेबांची माणसं, मी. भाऊ मागून आले, खांद्यावर शाल, हातात नारळ. आम्ही टापूच्या कडेला पोचलो आणि सगळ्या सुरय एकदम उठल्या. डोक्यावर कलकलाट सुरू झाला. साहेब थक्क होऊन वर बघत होते. मी बोलायला लागले.

त्या दिवशी मी फार चांगलं बोलले. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढं चांगलं मी कधी बोलले नसेन. आडनावाचं उदाहरण दिलं, साहेब हसले आणि म्हणाले, आमच्या गावात आमचं एकच घर उरलंय. त्यांना ते नुसतं समजलं नाही, लागलं. ते एकामागून एक प्रश्न विचारत गेले. टरबूज किती लोक लावतात, त्यांना दुसरीकडे जमीन देता येईल का, टापू बंद ठेवायचा तर राखण कोणाकडे. असा ऐकणारा मिळायला आमच्या धंद्यात जन्म जातो. मी सगळ्याची उत्तरं दिली. एका फोटोग्राफरनं विचारलं, एवढ्या उन्हात अंडी भाजत नाहीत का? मी सांगितलं, नाही, सुरय पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. ती बसलेली असते म्हणून अंडी वाचतात. सगळे म्हणाले, वा.

भाऊंनी माझ्या कोपराला हात लावला. “ताई, चला आता.” मी म्हटलं, दोन मिनिटं.

साहेबांनी वर बघत विचारलं, “मग ही खाली का येत नाहीये?”

“आपण गेलो की येईल,” मी म्हणाले. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

भाऊंनी पुन्हा हात लावला. आवाज तसाच हळू. “ताई.” मी मान हलवली, बोलणं थांबवलं नाही. पायाखालची वाळू चपलेतून पोळत होती. मी दर मिनिटाला पाय बदलत होते, ते आता आठवतं. आम्ही तिथून निघालो तेव्हा घड्याळात एक वाजायला आला होता. पाच मिनिटांचा पाऊण तासाच्या वर वेळ झाला होता.

जाताना साहेबांनी सरांना शब्द दिला, आदेश काढतो. काठावर वरण-भात, वांग्याची भाजी आणि ताक झालं. सर मला म्हणाले, जिंकलो आपण. गाडीत मी वर्ध्यापर्यंत हसत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, सत्काराचा. खाली जागेचं नाव नव्हतं. नियम पाळला गेला होता.

त्याच सकाळी भाऊंचा फोन आला. ते फोनवर कधी जास्त बोलत नाहीत. “ताई, येजो एकदा,” एवढंच म्हणाले.

मी गेले तेव्हा ते खाटेवर बसले होते. टापूकडे तोंड नव्हतं, गावाकडे होतं. त्यांनी सांगितलं, आम्ही गेल्यावर सुरय खाली आल्या होत्या, बसल्याही. रात्रभर बसल्या. सकाळी एकेक उठल्या आणि परत आल्या नाहीत. ते जाऊन पाहून आले होते. एक अंडं त्यांनी उचलून आणलं होतं, ते खाटेवर ठेवलेलं होतं. मी विचारलं, नक्की ना?

“हलवून पाह्यलं. आत जीव नाई, ताई.”

मी त्यांच्या पायाशी वाळूत बसले आणि रडले. लाज वाटली नाही. त्यांनी मला बोल लावावा असं मला फार वाटत होतं. त्यांच्या त्या फाटक्या तोंडानं माझ्या सात पिढ्या काढाव्यात. त्यांनी काही काढलं नाही. म्हणाले, चहा घेता का.

चार दिवसांत आसपासच्या सुरयही निघून गेल्या. आणि जूनमध्ये आदेश आला. अगदी पक्का, नकाशासकट, माझ्या दोन पानांतली वाक्यं जशीच्या तशी. साहेबांनी शब्द पाळला. पुढच्या फेब्रुवारीत टापूच्या काठावर बोर्ड लागला, टरबूजवाल्यांना पलीकडची जमीन मिळाली, राखणीला माणूसही ठेवला. आम्ही मार्च पाहिला, एप्रिल पाहिला. सुरय आली नाही. वरून एक-दोन गेल्या, खाली उतरल्या नाहीत.

मूल्यमापन मग सुधारावं लागलं. त्याच्या फॉर्ममध्ये एक जागा असते, ऱ्हासाचं कारण. मी तिथं लिहिलं, ‘अहवाल प्रकाशनासाठी आलेले पाहुणे, संयोजक आमचीच संस्था’. सरांनी ते दोनदा वाचलं. आवाज न चढवता म्हणाले, “असं लिहिलं तर पुढच्या वेळी आपल्याला कोण दारात उभं करेल? मग बाकीच्या पक्ष्यांचं काय?” मी भांडले. शेवटी ‘मानवी वावर’ एवढं गेलं. साहेबांच्या प्रतीत तेच, प्रेसनोटमध्ये तेच. शाळेच्या पोस्टरवर तर पक्षी अजून उडतोच आहे.

तक्त्यातली शेवटची ओळ राहिली होती. गावातली बैठक. ती बोर्ड लागला त्या वर्षीच्या मेमध्ये झाली, शाळेच्या वऱ्हांड्यात. जिथं कार्यक्रम करा असं भाऊंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, तिथंच. मासेमारीवाले, टरबूजवाले, काही बाया. भाऊ मागं भिंतीला टेकून बसले होते. सुरुवातीलाच उठून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर यंदाची दोरी ठेवली होती. तिला एकही गाठ नव्हती.

एका टरबूजवाल्यानं विचारलं, “आमाले हटवलं. जमीन सोडली आम्ही. मंग पाखरू काऊन नाई आलं?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. माझ्या फाइलमध्ये त्याचं छापील उत्तर होतं, दोन शब्दांचं. ते मी काढलं नाही. सांगितलं, मागच्या वर्षी मी पाहुण्यांना टापूवर नेलं आणि बोलत राहिले. त्या वेळात अंडी उन्हानं भाजून गेली. भाऊ दोनदा म्हणाले निघा, मी निघाले नाही. तुमचा काही दोष नाही, माझा आहे.

मग मागून भाऊ बोलले, बसल्या जागेवरून.

“ताईचं एकटीचं नाई. मीबी होतो ना तिथं. एरवी एकेकाले हाकलून लावलं असतं. खांद्यावर शाल होती म्हून तोंड उघडलं नाई.”

एवढं बोलून ते उठले आणि बाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

पुढच्या कामाला आम्ही नवा तक्ता केला. साहेबांसमोरचा ‘काय सांगायचं नाही’ हा रकाना आता भरलेला असतो. खाली मी एक सूचना लिहून ठेवली आहे, जो जागा राखतो त्याचा सत्कार त्या जागेवर करू नये. नवीन आलेली माणसं ती वाचून हसतात. मी कारण सांगते, मग हसत नाहीत.

टापूवरचा बोर्ड अजून आहे. आदेश काटेकोर पाळला जातो. तिथं कोणीही जात नाही.